राखाडी दोरा

सभा चारला होती, पण ताई साडेअकरालाच भावाकडे येऊन बसली. भाषणाचा कागद पर्समध्ये आणि पर्स मांडीवर. वहिनीनं दोनदा सांगून पाहिलं, "ताई, पर्स ठेवा की तिकडे, कोण पळवून नेतंय?" पण ताईनं ती काही सोडली नाही. बावन्न वर्षांच्या आयुष्यात तिला पहिल्यांदाच चारचौघांत बोलायचं होतं, आणि तेही त्या शाळेच्या हॉलमध्ये, जी शाळा आई गेली तेव्हा तेराव्या वर्षी तिला सोडावी लागली होती.

गेला दीड महिना गावात दुसरा विषय नव्हता. सरकारी शाळेतला गणवेश ठेवायचा की काढून टाकायचा, यावर पालकांचं मतदान होतं. शेजारीशेजारी बोलेनासे झाले होते, केशकर्तनालयात खुर्च्यांवर बसलेली माणसं फेस लावलेल्या तोंडानं भांडत होती. आणि पंधरा दिवसांपूर्वी मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, स्वतः दुकानाची पायरी चढून आल्या. "ताई, तुम्ही बोला," त्या म्हणाल्या. "एकोणचाळीस वर्षं या शाळेचे शर्ट तुम्ही शिवताय. तुमच्याइतका अधिकार कुणाचा?" अधिकार हा शब्द ताईच्या वाट्याला फारसा आला नव्हता. ती लगेच हो म्हणाली.

हो म्हणायला दुसरंही कारण होतं. गणवेश गेला तर दुकान गेलं, हे बाळ्यानं तिला हळुवारपणे समजावून सांगितलं होतं. बाळ्या म्हणजे हाच भाऊ, पाणीखात्यातला इंजिनिअर, वय चव्वेचाळीस, डोक्यावर मोजके केस आणि नाकावर जाड चष्मा. ताईनं अंगाखांद्यावर वाढवलं म्हणून अजून बाळ्याच. "तसं झालं तर तू इकडे राहायला ये, मागची खोली रिकामीच आहे," असंही तो म्हणाला होता. त्या खोलीत इस्त्रीचं टेबल होतं, बंद पडलेला पंखा होता आणि रस्त्याकडे खिडकी नव्हती. ताई तेव्हा "बघू" म्हणाली होती.

खरं सांगायचं तर तिला दुकानाची काळजी नव्हती. शाळा उघडण्याआधीचा एक महिना असायचा, त्याची होती. त्या महिन्यात गावातली झाडून सगळी पोरं तिच्याकडे मापाला यायची. हात वर करायची, गुदगुल्या होतात म्हणून वाकडी व्हायची, पडलेला दात दाखवायची. ती छातीला टेप लावायची आणि वाढत्या अंगाचं पोर म्हणून तीन बोटं जास्त धरायची. सगळं गाव तिला टेलरआत्या म्हणायचं. उरलेले अकरा महिने तिला कुणी हात लावत नसे आणि तीही कुणाला लावत नसे. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"चिमणी कुठाय?" तिनं विचारलं.

"आत," वहिनी म्हणाली. ती इस्पितळात नर्स होती आणि रविवारीही कामावर असल्यासारखं भराभर चालायची. "तिची मंडळी जमली होती सकाळी. बोर्ड रंगवत होती. जाताना फरशीला रंग लावून गेली."

चिमणी, बाळ्याची मुलगी, नववीत होती. वर्गप्रतिनिधींना सभेत मत होतं, आणि दहाही प्रतिनिधींना गणवेशाविरुद्ध उभं करण्यात चिमणीचाच पुढाकार होता. पहिलीपासून ती शाळा सुटली की दुकानात यायची, कटिंग टेबलाच्या एका टोकाला वह्या पसरून अभ्यास करायची आणि दुसऱ्या टोकाला ताई कापड कापायची. गेले पंधरा दिवस ती आली नव्हती. ताईनं रोज ते टोक मोकळं ठेवलं होतं.

"रागावलीय का माझ्यावर?"

"तुमच्यावर कशाला रागवेल," वहिनी म्हणाली, आणि बघायला काही नव्हतं तरी भाजीवरचं झाकण काढून बघू लागली.

बारा वाजता धाकटा भाऊ आला. बाजारात त्याचं तयार कपड्यांचं दुकान होतं आणि अंगावर नेहमी तिथलाच न खपलेला माल असायचा. आज पोपटी शर्ट होता. दारातूनच म्हणाला, "काय गं ताई, आज तू माझ्या धंद्यावर घाला घालणार म्हणे?"

"तू आधी माझ्या धंद्यावर घातलास ना?"

"मी कुठं काय केलं? लोकांना रंगीत कपडे आवडतात, त्याला मी काय करू." तो खुर्ची ओढून बसला. "माझं मत काढून टाका, असंच आहे. तोंडावर सांगतो. माझा पोरगा दुसरीत आहे, मलाही हात वर करायचा आहे."

"स्वतःच्या बहिणीविरुद्ध?" बाळ्या म्हणाला.

"तू कुठल्या बाजूनं आहेस ते सांग की आधी."

बाळ्यानं चष्मा पुसला. "मी अजून ठरवलं नाही."

"म्हणजे बायकोनं अजून सांगितलं नाही," धाकटा म्हणाला. वहिनीनं त्याच्यापुढे ताट जरा जोरातच ठेवलं. "मी ठेवा म्हणणार आहे," ती म्हणाली. "सकाळी साडेसहाला उठून हे घालू की ते घालू, हा तमाशा मला नकोय. तुम्हाला काय, तुमची बायको उठते."

असं बराच वेळ चाललं. ताईला बरं वाटत होतं. कित्येक दिवसांनी तिघं भावंडं एका टेबलाशी बसली होती आणि भांडणाच्या मध्यभागी का होईना, ती होती. जेवण निम्मं झाल्यावर तिनं हात धुतले, पर्स उघडली आणि म्हणाली, "वाचून दाखवू? चुकलं असेल तर सांगा."

अक्षर मोठं आणि गोल होतं. सातवीत होतं, तसंच राहिलेलं. तिनं वाचलं, "मी गणवेश कधी घातला नाही. तो सुरू झाला त्याच वर्षी मी शाळा सोडली आणि बाबांच्या हाताखाली बटणं लावायला बसले. पण दुकानाच्या दारातून मी रोज मुलांना शाळेत जाताना बघते. कुणाचा बाप डॉक्टर आहे आणि कुणाचा हमाल, ते मला ओळखता येत नाही. माझ्या शर्टात सगळी मुलं सारखी दिसतात. एवढं एक काम माझ्या हातून झालं आहे."

तिनं वर बघितलं. कुणीतरी छान म्हणेल असं तिला वाटलं होतं. बाळ्या ताटात बघत होता. धाकट्याला एकाएकी पाणी हवं झालं. वहिनी उभीच होती, ती तशीच उभी राहिली.

"काय झालं? फार लांबलं का?"

"नाही, चांगलं आहे," बाळ्या म्हणाला. "फक्त ते शेवटचं... ते सारखी दिसतात वगैरे. ते नसलं तरी चालेल."

"तेच तर मुख्य आहे."

"ते काढ, ताई," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज चेष्टेचा नव्हता. "माझं ऐक. शिस्तीबद्दल बोल, स्वच्छतेबद्दल बोल. ते एक वाक्य काढ."

"पण का?"

"कारण ते खरं नाही," चिमणी म्हणाली. ती आतल्या दारात उभी होती, बोटांना लाल रंग लागलेला. "कळतं, आत्या. कुणाचं काय आहे ते सगळ्यांना कळतं."

"चिमणे, आत जा," बाळ्या म्हणाला.

"नाही जाणार. ती सगळ्यांसमोर हे वाचणार आणि सगळे खाली बघणार, आत्ता तुम्ही बघितलंत तसं. त्यापेक्षा मी सांगते." तिनं ताईकडे बघितलं आणि तिचा आवाज खाली आला. "बटणं, आत्या. शाळेच्या खात्यातल्या शर्टांची बटणं राखाडी दोऱ्यानं लावलेली असतात."

ताईला आधी समजलंच नाही. राखाडी दोरा होता हे खरं. शर्ट दोन प्रकारचे असायचे: आईबापांनी शिवून घेतलेले, आणि ज्यांना परवडत नाही त्यांना शाळा आपल्या खर्चानं द्यायची ते. कापड एकच, फिकट निळं. पहिल्याच वर्षी दोन्ही गठ्ठे मिसळले आणि बाबांची फार धांदल उडाली. तेव्हापासून त्यांनी ठरवलं, शाळेच्या शर्टांना पांढरी बटणं राखाडी दोऱ्यानं लावायची. शर्ट घडी घालून रचला की गळ्याखालचं पहिलं बटण वर येतं, म्हणजे नुसत्या नजरेनं गठ्ठा ओळखू येतो. बटणाच्या दोऱ्याकडे कोण बघतंय, असं बाबा म्हणाले होते. बाबा गेले, तरी तिनं ती पद्धत चालू ठेवली. ती कामाला सोयीची होती.

"पण तो एवढासा दोरा," ती म्हणाली.

"समोर बसून गप्पा मारताना दिसतो. पहिल्या दिवशी सगळे आधी तेच बघतात. त्यांना राखाडी म्हणतात, आत्या. ए राखाडी, चल, बाजूला हो. संघ पाडताना राखाडी शेवटी घेतात. माझ्या बाकावरची मैत्रीण आहे ना, ती उकाड्यातसुद्धा स्वेटर काढत नाही."

"आणि आपापले कपडे घातले म्हणजे कळणार नाही वाटतं?" वहिनी म्हणाली. "पहिल्याच दिवशी कळेल."

"कळू दे. पण ते त्यांचे कपडे असतील. कुणी खूण करून दिलेले नसतील."

खूण हा शब्द ताईला लागला. ती बाळ्याकडे वळली. लहानपणापासून काही दुखलं की तो तिच्याकडे यायचा. आज ती त्याच्याकडे बघत होती. "हे आत्ताचं असेल ना? हल्लीची मुलं फार बारकाईनं बघतात."

बाळ्यानं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाला, "ताई, माझी बटणं आठवतात का तुला?"

तिला न आठवायला काय झालं. बाळ्या तिसरीत असताना दर आठवड्याला शर्टाची बटणं तोडून यायचा. बाबांचा फार मार खायचा. त्या वर्षी धंदा बसला होता, म्हणून हेडमास्तरांनी शिंप्याच्या पोरालाही शाळेचाच शर्ट दिला होता. दर रविवारी ताई त्याला समोर बसवायची आणि बटणं लावता लावता रागवायची, किती रे दांडगाई करतोस, शर्ट आहे की काय आहे. आणि शर्टाला जो दोरा होता, तोच लावायची. दुसरा लावला तर बरं दिसणार नाही म्हणून.

"तू मुद्दाम तोडायचास," ती म्हणाली.

"हो."

"मला म्हणाला असतास तर मी पांढऱ्यानं लावली असती. एका मिनिटाचं काम होतं."

"तुला कसं सांगणार? तू एवढ्या मायेनं लावायचीस." बाळ्याचा चष्मा परत हातात आला होता. "आणि नंतर मोठे झाल्यावर विषयच निघाला नाही."

"तुला माहीत होतं?" तिनं धाकट्याला विचारलं. त्यानं होकारार्थी मान हलवली. "तुला?" वहिनी म्हणाली, "चिमणी दुसरीत असताना बोलली होती. मी म्हटलं, आत्याला सांगायचं नाही."

"सगळ्यांना माहीत आहे, आत्या," चिमणी म्हणाली. तिला रडू येत होतं. "म्हणून मी दुकानात येत नव्हते. तू भाषण लिहीत होतीस ना, मी तिथं असते तर बोलून गेले असते."

ताईनं कागदाची घडी घातली. ती नुसती बसली होती. दुकानात येणारी एकूणएक पोरं, हात वर करून उभी राहणारी, दात दाखवणारी. त्यांना माहीत होतं. ती तीन बोटं जास्त धरत होती तेव्हाही त्यांना माहीत होतं. गावात एकट्या तिलाच माहीत नव्हतं.

"तू नको जाऊस आज," बाळ्या म्हणाला. "तब्येत बरी नाही म्हणून मी कळवतो."

"नको," ताई म्हणाली. "मी मोठ्या बाईंना शब्द दिलाय."

हॉल गच्च भरला होता. ताईला पहिल्या रांगेत बसवलं. मागे वळून बघितलं तर ओळखीचेच चेहरे, आणि चेहऱ्यांआधी तिला त्यांची मापं आठवत होती: तो पाववाला, ज्याचा एक खांदा उतरता, ती बँकेतली, जिची कॉलर नेहमी मोठी व्हायची. आता ते आईबाप झाले होते. मोठ्या बाईंनी नाव पुकारलं, टाळ्या झाल्या आणि ती माइकसमोर उभी राहिली. कागद हातात होता, पण तिनं तो उघडला नाही.

"मी इथं सांगायला आले होते की गणवेशात सगळी मुलं सारखी दिसतात," ती म्हणाली. "मला तशी दिसत होती. आज दुपारी मला राखाडी दोऱ्याचं कळलं. तो दोरा मीच लावते. एकोणचाळीस वर्षं मीच लावलाय. मला एवढंच विचारायचं आहे, इथं कुणाकुणाला ते माहीत होतं? हात वर करा."

आधी पाववाल्यानं हात वर केला. मग त्याच्यामागे दोन, मग खिडकीकडची सबंध रांग. बँकेतल्या बाईनं इकडेतिकडे बघून हात वर केला. थोड्या वेळानं हात खाली असलेली माणसं शोधावी लागत होती.

"मग मला कुणीच का नाही सांगितलं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "तुम्हाला वाईट वाटलं असतं, आत्या."

ते अगदी प्रेमानं म्हटलेलं होतं, आणि त्या प्रेमाचं काय करावं हे ताईला कळेना. ती म्हणाली, "वाईट वाटायला हवं होतं. शर्ट ठेवा नाहीतर काढा. पोरांकडे बघून ठरवा. माझ्याकडे बघून ठरवू नका." आणि खाली येऊन बसली.

पण तसं झालं नाही. पाववाला उठला. तो स्वतः राखाडी होता, त्यानं तसं सांगितलंही. म्हणाला, "दोरा बदलला की प्रश्न मिटला. एवढ्या मोठ्या मनानं चूक कबूल करणाऱ्या बाईच्या पोटावर आपण पाय द्यायचा का?" टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांनी डोळे पुसले. ज्यांनी दीड महिना गणवेशाविरुद्ध घसा कोरडा केला होता तेही मान डोलावत होते. मतदान करताना कुणी भिंतीवरच्या बोर्डांकडे बघत नव्हतं, सगळे ताईकडे बघत होते.

गणवेश ठेवा म्हणणाऱ्यांचे हात वर गेले. वहिनीचा, बाळ्याचा, आणि पोपटी बाहीतला धाकट्याचाही. धाकटा तिच्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाला, काळजी करू नकोस. ताईला ओरडून सांगावंसं वाटलं की बाबांनो, हात खाली घ्या, पुन्हा तेच करताय तुम्ही. पण मत पालकांना आणि वर्गप्रतिनिधींना होतं. तिचं स्वतःचं कुणीच या शाळेत शिकत नव्हतं.

मग विरुद्ध हात मागितले. मागे भिंतीशी प्रतिनिधी मुलं उभी होती. दहातल्या सहांनी आधीच गणवेशाच्या बाजूनं हात वर करून टाकले होते. चिमणीनं विरुद्ध हात वर केला. कोपरात जराही न वाकवता, सरळ, आणि ताईच्या डोळ्यांत बघत. तिच्या शेजारी स्वेटर घातलेली एक मुलगी होती, तिचाही हात वर होता. सबंध हॉलमध्ये ताईला तेवढेच दोन हात बघवले.

गणवेश साठ-सत्तर हातांनी राहिला. लोकांनी ताईला गराडा घातला. कुणी हात हातात घेतला, कुणी पोराला पुढे ढकललं, आत्यांच्या पाया पड म्हणून. सोमवारी मापाला येतो असं कितीतरी जण म्हणाले. गराड्यावरून तिनं चिमणीला शोधलं. चिमणी मैत्रिणीबरोबर दाराशी पोचली होती. तिनं एकदा थांबून मागे बघितलं, पण मध्ये फार माणसं होती, आणि ती निघून गेली. बाळ्या म्हणाला, "ताई, घरी चल, सगळे मिळून चहा घेऊ." ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी येते." ते गेले.

हॉल हळूहळू रिकामा झाला. मोठ्या बाई टेबलावरचे कागद गोळा करत होत्या, फार खुशीत होत्या. "जिंकलात तुम्ही, ताई," त्या म्हणाल्या. "आणि गंमत बघा, सगळ्यांनी मत दिलं आणि तुमचंच तेवढं राहिलं. असतं तर आणखी एक वाढलं असतं."

"असतं तर मी विरुद्ध दिलं असतं," ताई म्हणाली. "चिमणीच्या बाजूनं."

मोठ्या बाई मनापासून हसल्या. तिच्या खांद्यावर थोपटून म्हणाल्या, "तुम्ही पण ना, ताई. बरं, सोमवारी यादी पाठवते." आणि कागदांचा गठ्ठा घेऊन त्या ऑफिसकडे गेल्या. ताईनं थट्टा केली नव्हती. पण ते सांगायला आता हॉलमध्ये कुणी उरलं नव्हतं.